डेन्मार्कला शिकायला जाताय? आधी पत्ता, मग नंबर, मग बाकी सगळं

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या फोनवर तेच मेसेज येतात. "ताई, बँक खातंच उघडेना." "ताई, पिवळं आरोग्य कार्ड अजून आलं नाही." "ताई, पहिल्या पगारातून निम्म्याहून जास्त टॅक्स कापला!" तिघांचंही दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. कामं सगळी केलेली असतात, पण उलटसुलट क्रमाने. तिथे ओळख काढून, रांगेत पुढे सरकून किंवा "साहेब, जरा बघा ना" म्हणून काहीही हलत नाही. एक कागद हातात आल्याशिवाय पुढचा मिळत नाही. म्हणून हा क्रम लिहून ठेवते आहे. मी ऑरहूसला शिकले. कोपनहेगन, ओडेन्स, ऑल्बोर्गलाही गाडा याच चाकांवर चालतो.

## टप्पा १ : निघण्यापूर्वीची बॅग

कागदांची फाईल हातातल्या बॅगेत ठेवा: पासपोर्ट, निवास परवान्याचं पत्र, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, घराचा करार. लग्न झालेलं असेल आणि जोडीदार सोबत येणार असेल तर विवाहाचा दाखला. पॅन कार्डाची प्रत लोक विसरतात. बँक तुमचा भारतातला करक्रमांक विचारते.

नावाचं एक लक्षात घ्या. आपल्याकडे पासपोर्टावर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं. तिकडच्या नोंदीत ते जसंच्या तसं उतरतं. माझ्या एका मैत्रिणीला वर्षभर पत्रं यायची त्यात तिच्या नावापुढे वडिलांचं नाव इतकं ठसठशीत असायचं की शेजारीण तिला वडिलांच्याच नावाने हाक मारू लागली. पासपोर्टावर आहे तेच नाव सगळीकडे लिहा. करारात एक, फॉर्ममध्ये दुसरं, असं करू नका.

खाण्याच्या सामानाबद्दल आईचं ऐकू नका. युरोपीय संघाच्या बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही, घरचं साजूक तूपही नाही. ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवा. गोडा मसाला, वाळवलेला कढीपत्ता, आमसुलं, मेतकूट खुशाल न्या.

कुकर नेणार असाल तर तळाला चुंबक लावून बघा. चिकटला तरच न्या. पुष्कळ स्वयंपाकघरांत इंडक्शन असतं आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, पण आपली जाड गोल पिनांची पिन तिथल्या सॉकेटात बसत नाही. ॲडॉप्टर दोन घ्या.

## टप्पा २ : घर, आणि त्याआधी एकच प्रश्न

घरमालकाला भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न: "या पत्त्यावर सीपीआर नोंदवता येईल का?" (सीपीआर म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक.) उत्तर "नाही" आलं, किंवा "त्याची काय गरज?" आलं, तर ते घर सोडा. खोली कितीही स्वस्त असू दे. पत्ता नोंदवता आला नाही की पुढचे सगळे टप्पे तिथेच अडतात.

पैशांची तयारी आधीच ठेवा. खासगी घराला तीन महिन्यांपर्यंतचं डिपॉझिट आणि शिवाय तीन महिन्यांपर्यंतचं आगाऊ भाडं मागता येतं. त्यात पहिल्या महिन्याचं भाडं धरलं तर आत पाऊल टाकतानाच सात महिन्यांचे पैसे गेले. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला तिथे कोलेगियम म्हणतात. तिथे हा आकडा बराच खाली येतो, म्हणून प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच त्याच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. तिकीट काढल्यावर नव्हे.

सावधान: "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठव, किल्ली पोस्टाने पाठवतो" असं सांगणारा घरमालक घरमालक नसतो. करार आणि व्हिडिओवर घर पाहिल्याशिवाय एक क्रोनही पाठवू नका. तिथे राहणाऱ्या कुणाला प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगता आलं तर सगळ्यात उत्तम.

ताबा घेतला की पहिले १४ दिवस फार मोलाचे. या मुदतीत घरातले दोष लेखी कळवायचे असतात: भिंतीवरचा ओरखडा, सिंकचा डाग, खिडकीची सैल कडी, सगळं. फोटो काढा, तारखेसह ईमेल करा. "किरकोळ आहे, कशाला तक्रार" हा आपला भिडस्त स्वभाव इथे पैसे खातो. तुम्ही न कळवलेला ओरखडा घर सोडताना तुमच्याच नावावर लागतो.

आणि खिडक्या. थंडी म्हणून बंद करून बसू नका. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, हीटर त्या वेळेपुरता बंद करायचा. आपला भात, आपली कपडे वाळवायची दोरी यांनी खोलीत इतकी वाफ साचते की जानेवारीपर्यंत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. तिचाही खर्च डिपॉझिटमधूनच जातो.

## टप्पा ३ : सीपीआर नंबर

हा दहा आकडी नंबर म्हणजे तिथलं तुमचं अस्तित्व. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे, पुढचे चार तुमचे. कोपनहेगनला 'इंटरनॅशनल हाउस'मध्ये, इतर मोठ्या शहरांत आंतरराष्ट्रीय नागरिकांच्या सेवाकेंद्रात, आणि बाकी ठिकाणी पालिकेच्या 'बोर्गर-सर्विस'मध्ये नोंद होते.

१. निवास परवाना आणि घराचा पत्ता दोन्ही हातात असल्याशिवाय जाऊ नका.
२. भेटीची वेळ ऑनलाइन घ्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला झुंबड असते, म्हणून विमानात बसण्यापूर्वीच वेळ शोधा.
३. स्वतः जा. मित्राला कागद देऊन पाठवता येत नाही.
४. तिथेच कुटुंब-डॉक्टर निवडायला सांगतात. घराजवळचा निवडा.
५. त्याच संध्याकाळी टपालपेटीवर नाव लावा.

पाचवा मुद्दा वाचून लोक हसतात. आणि मग त्यांचंच पिवळं कार्ड परत जातं. हे आरोग्य कार्ड साधारण दोन-तीन आठवड्यांत टपालाने येतं, आणि पेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र टाकलं जात नाही. खोली दुसऱ्याकडून भाड्याने घेतली असेल तर त्याच्या नावाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवा, पण चिकटवा.

तपासा: कार्डावर तुमच्या डॉक्टरचं नाव आणि फोन असतो. आजारी पडल्यावर थेट हॉस्पिटल गाठायचं नाही. आधी डॉक्टरला सकाळी फोन. अवेळी कोपनहेगन भागात १८१३ ला, इतरत्र त्या भागाच्या 'लेगेवाग्त'ला, म्हणजे अवेळच्या डॉक्टरसेवेला, फोन करायचा. जिवावर बेतलं तर ११२. दातांचा बराचसा खर्च मात्र बहुतेकांना स्वतःच करावा लागतो, म्हणून दाढ ठणकत असेल तर पुण्या-नाशिकलाच उरकून या.

पुढे घर बदललं तर पाच दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा असतो.

## टप्पा ४ : मिट-आयडी, खातं, डिजिटल टपाल

सीपीआर झाल्यावरच मिट-आयडी. ही तुमची सरकारी डिजिटल सही. फोनमधल्या ॲपवर चालते. बँकेत, करखात्यात, डॉक्टरकडे हीच लागते. पासपोर्ट आणि परवाना घेऊन बोर्गर-सर्विसमध्ये ओळख पटवावी लागते.

त्यानंतर बँक. बँकेला वेळ लागतो, कधी काही आठवडे. तोवर भारतातून आणलेलं कार्ड चालू ठेवा. खातं उघडलं की तेच 'नेमकोन्टो' म्हणून नोंदवा. सरकारकडून येणारा पैसा त्याच खात्यात पडतो. मोबाइल-पे हे तिथलं आपलं यूपीआय समजा. जुन्या सायकलीपासून वर्गातल्या केकच्या वर्गणीपर्यंत सगळं त्यावर. पण तेही डॅनिश खातं आणि सीपीआर असल्याशिवाय सुरू होत नाही.

सरकारी पत्रं कागदावर येत नाहीत. ती 'डिजिटल पोस्ट'मध्ये पडतात, आणि ती तुम्ही उघडली नाहीत तरी तुम्हाला मिळाली असंच धरलं जातं. डॅनिशमध्ये असतात म्हणून न वाचता सोडू नका. भाषांतराच्या ॲपमध्ये टाका, मुदतीची तारीख तेवढी हुडका.

सावधान: सुट्टीत भारतात येताना फोन हरवला तर मिट-आयडीही गेलं, आणि ते परत मिळवायला मोठी यातायात करावी लागते. जुना फोन विकण्यापूर्वी नव्यावर ॲप चालू झालंय याची खात्री करा. ॲपसोबत कोड दाखवणारं छोटं यंत्रही मिळतं, ते मागून घ्या.

## टप्पा ५ : नोकरीच्या आधी करपत्र

युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला महिन्याला ९० तास आणि जून, जुलै, ऑगस्टमध्ये पूर्णवेळ काम करता येतं. पण तुमच्या परवान्याच्या पत्रात काय लिहिलंय तेच खरं, म्हणून पहिल्या पाळीआधी ते पुन्हा वाचा. मर्यादा ओलांडली तर परवान्यावर गदा येते. "मालकच म्हणाला थांब" हे कारण चालत नाही.

काम मिळालं की करखात्याच्या संकेतस्थळावर अंदाजे वार्षिक उत्पन्न भरून करपत्र, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते मालकाला सांगणारा कागद, काढायचं. ते नसेल तर मालकाला ५५ टक्के कापावेच लागतात. निम्म्याहून जास्त टॅक्स गेला म्हणणारे माझे सगळे मेसेजवाले इथलेच. जादा कापलेले पैसे परत मिळतात, पण तोवर भाडं कोण भरणार? एकच नोकरी असेल तर मुख्य करपत्र तिथेच वापरा. दोन असतील तर ज्या नोकरीत जास्त मिळतं तिथे मुख्य, दुसरीकडे दुय्यम.

## टप्पा ६ : सायकल आणि गाडी

सायकल जुनी घ्या. घेण्यापूर्वी फ्रेमवरचा क्रमांक पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकून ती चोरीची नाही ना ते बघा. तो क्रमांक लिहून ठेवा, विम्यालाही लागतो.

आपण जिथे चुकतो ते वळण म्हणजे डावं. मोटारीसारखं चौकाच्या मधोमध जाऊन डावीकडे वळायचं नाही. आधी सरळ चौक पार करायचा, पलीकडच्या उजव्या कोपऱ्यावर थांबायचं, सायकल डावीकडे वळवून उभी करायची आणि त्या दिशेचा रस्ता मोकळा झाला की जायचं. थांबताना हात वर, वळताना त्या बाजूला आडवा. हात न दाखवता थांबलात तर मागून धडक आणि वर बोलणी. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. अंधार पडल्यावर दोन्ही लागतात, आणि डिसेंबरात अंधार दुपारी चारच्या आतच पडतो.

बस-रेल्वेसाठी राइसेकोर्टचं ॲप घ्या. प्लास्टिकचं जुनं कार्ड बंद होत चाललंय. चढताना चेक-इन, उतरताना चेक-आउट. उतरताना विसरणं ही सगळ्यांची पहिल्या आठवड्यातली फी.

## टप्पा ७ : सामायिक स्वयंपाकघर

इथे जरा थांबते, कारण बहुतेकांची तिथल्या लोकांशी पहिली भेट, आणि पहिली बाचाबाची, इथेच होते.

माझा दुसरा आठवडा. संध्याकाळी सहा वाजता आमटी टाकली. तेल तापलं, मोहरी तडतडली, दोन लाल मिरच्या टाकल्या. घरी आई अशा वेळी खिडकी उघडते. मी उघडली नाही, बाहेर वारा होता. अर्ध्या मिनिटात छतावरची शिट्टी किंचाळायला लागली आणि मजल्यावरचे बाराही जण मोज्यांवर अंगणात. एकजण डोक्याला शाम्पू लावलेला. कुणी ओरडलं नाही. ते जास्त लागलं.

१. फोडणीआधी चिमणी पूर्ण वेगावर. खिडकी उघडा, पण मजल्याच्या वाटेकडचं दार बंद ठेवा. धूर बाहेर वाटेत गेला की तिथला भोंगा वाजतो. मिरची गॅसवर घातल्यासारखी घालू नका. इंडक्शनवरून भांडं उतरवा, मग टाका.
२. तुमचं कपाट, तुमचा फ्रिजचा कप्पा. दुसऱ्याचं दूध 'थोडंसंच' घेऊ नका. घरात जे आपलेपण वाटतं ते तिथे चोरी ठरतं.
३. भांडी त्याच रात्री. 'भिजत घातलीयत' हे उत्तर तिथे अजून कुणाला पटलेलं नाही.
४. साफसफाईची पाळी. तक्ता आठवड्याच्या क्रमांकाने लावलेला असतो, तारखेने नाही. 'आठवडा ४२' म्हणजे ऑक्टोबरच्या मधली शरद सुट्टी. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे क्रमांक चालू करून ठेवा, नाहीतर पाळी चुकणारच.
५. कपडे धुण्याची वेळ आधी राखून ठेवावी लागते. वेळ संपली की यंत्र रिकामं हवं.

पुष्कळ कोलेगियममध्ये 'मॅदक्लुब' असतो: रोज एकजण सगळ्यांसाठी रांधतो, बाकीचे खातात आणि वर्गणी देतात. यात पहिल्याच महिन्यात नाव घाला. फ्रायडे-बारमध्ये तीन तास उभं राहून जेवढी ओळख होत नाही तेवढी एका बटाट्याच्या भाजीने होते. बारा जणांसाठी वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर पुरे. मिरची आपल्या अंदाजाच्या चौथा भाग. दोन दिवस आधी फळ्यावर लिहून विचारा: शाकाहारी कोण, कशाची ॲलर्जी कुणाला. आणि जेवण सहाला म्हटलं की सहाला. सव्वासहाला कुकरची तिसरी शिट्टी होत असेल तर लोक ताटली घेऊन बसलेले असतात.

किराण्याच्या खुणा: 'सोदमेल्क' म्हणजे साखर घातलेलं दूध नव्हे, पूर्ण सायीचं, चहाला हेच. 'केअर्नमेल्क' म्हणजे ताक, कढीला छान चालतं. 'व्हेदमेल' मैद्यासारखं असतं, त्याच्या पोळ्या चिवट होतात. आटा भारतीय किंवा अरबी दुकानात मिळतो, ऑरहूसला बझार वेस्टमध्ये, कोपनहेगनला न्यरब्रो भागात. ईस्टरच्या सुट्ट्यांना आणि २५-२६ डिसेंबरला मोठी दुकानं बंद असतात. त्याआधी तांदूळ भरून ठेवा.

रिकाम्या बाटल्या-डबे फेकू नका. त्यावर 'पॅन्ट' लिहिलेलं असतं, कपड्यांशी संबंध नाही, ती परत मिळणारी अनामत. अ गटाला १ क्रोन, ब गटाला दीड, क गटाला ३. दुकानातल्या यंत्रात टाकायचे, चिठ्ठी निघते, ती काउंटरवर द्यायची. चिठ्ठी खिशात राहून धुतली गेली की पैसे गेले.

## टप्पा ८ : वर्ग

सर, मॅडम विसरा. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि सगळ्यांना 'दू', म्हणजे आपलं 'तू'. आपल्या तोंडातून ते निघत नाही. मी पहिले दोन महिने "एक्स्क्यूज मी" म्हणून नाव टाळलं. त्याचा परिणाम असा की त्यांना वाटलं मला त्यांचं नावच माहीत नाही.

गुणांची पायरी १२, १०, ७, ४, ०२, ०० आणि उणे ३ अशी आहे. ०२ ला पास. ७ म्हणजे चांगला. घरी फोन करून "सातच मिळाले" म्हणून रडू नका, आणि घरच्यांना दहापैकी सात असंही सांगू नका.

गटात काम करताना गप्प बसणं म्हणजे नम्रपणा नव्हे, तयारी नाही असा अर्थ होतो. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक बसतो. तिथेही पाठ केलेलं म्हणून दाखवण्यापेक्षा "इथे मला शंका आहे" म्हणणाऱ्याचं जास्त ऐकून घेतात.

## टप्पा ९ : वेळ, आकडे, आमंत्रण

डॅनिश आकड्यांना सगळे घाबरतात. मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. पासष्ट आपण आधी पाच आणि मग साठ असंच म्हणतो, तेही तसंच. पन्नासच्या पुढे ते विसांनी मोजतात. माझी आजी "तीन इसा नि पाच" मोजायची. डॅनिश पासष्ट म्हणजे "पाच नि तीन विसा". पन्नासला ते अडीच विसा म्हणतात, सत्तरला साडेतीन, नव्वदला साडेचार. दीडलासुद्धा त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे: 'हाल्वअॅनन'. फोन नंबर आठ आकडी, जोडीजोडीने सांगतात, म्हणून हे लवकर अंगवळणी पाडा.

सावधान: घड्याळात 'हाल्व फेम' म्हणजे साडेपाच नाही, साडेचार. पाचाकडे अर्धं गेलं, असं ते मोजतात. इंग्रजीतून भाषांतर केलंत तर तासभर उशिरा पोचाल.

आमंत्रण दोन-तीन आठवडे आधी येतं. "बघते, जमलं तर येते" हे उत्तर नाही. हो किंवा नाही त्याच दिवशी सांगा. ताटं मोजून मांडलेली असतात. अवचित दार वाजवून "इकडून चालले होते, म्हटलं डोकवावं" हे बंद. वेळेवर पोचा, म्हणजे पाच मिनिटं आधीही नको. थंडी असली तरी वळणावर एक फेरी मारा. दारात बूट काढा. पेला उचलताना 'स्कोल' म्हणतात आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत बघतात. पाण्याचा पेला असला तरी चालतो. दारू घेत नाही असं एकदा सांगितलं की कुणी आग्रह करत नाही. जेवणाचाही आग्रह करत नाहीत, बरं का. "नको" एकदा म्हटलंत की भांडं पुढे गेलं. भूक असेल तर पहिल्याच वेळी घ्या.

वाढदिवस तुमचा असेल तर केक तुम्हीच आणायचा, वर्गात किंवा कामावर. आणि २५ पूर्ण करताना लग्न झालेलं नसेल तर त्या दिवशी जुने कपडे घाला. मित्रमंडळी अंगभर दालचिनीची पूड टाकतात.

जेवून उठताना यजमानांना 'टाक फॉर मॅद'. घरी गेल्यावर विसरून चालत नाही. पुढच्या वेळी, मग ती तीन आठवड्यांनी सुपरमार्केटच्या रांगेत का असेना, भेटताक्षणी पहिलं वाक्य 'टाक फॉर सिस्ट', मागच्या वेळेबद्दल आभार. "कशी आहेस" त्यानंतर. मी पहिल्या हिवाळ्यात हे चुकवलं. रांगेतल्या त्या बाई काही क्षण माझ्याकडे वाट बघत उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी स्वतःच ते म्हणून टाकलं.